फ्रान्समध्ये एस्कार्गो: कुठले मागवायचे, कसे खायचे, चांगले कुठे मिळतात

मोहरीचं_शेत

नमस्कार मंडळी. इकडे फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते, की पॅरिसला एस्कार्गो म्हणजे शिजवलेल्या गोगलगायी खाल्ल्या, वर नुसता लसूण आणि बटर, आत काहीतरी चिवट, यात लोकांना एवढं काय आवडतं? मी दिजोंला राहते, म्हणजे ऐन बुर्गुंडी प्रांतात, आणि हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. कारण नीट शिजवलेली गोगलगाय मऊ असते, तिला पावसाळी जंगलातल्या अळंब्यांसारखी मातकट गोडसर चव असते आणि बटर त्या चवीला उठाव द्यायला असतं, ती झाकायला नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे ताटात येणारी गोगलगाय एकाच जातीची नसते आणि निम्मा फरक तिथेच पडतो. सगळ्यात मान आहे तो ‘एस्कार्गो द बूर्गोन्य’ म्हणजे बुर्गुंडीच्या गोगलगायीला, शास्त्रीय नाव हेलिक्स पोमाशिया. शंख मोठा, पिवळट तपकिरी, मांस फिकट. ही चुनखडीच्या जमिनीत राहते, थंडीत शंखाचं तोंड चुन्याच्या पडद्याने बंद करून जमिनीत झोपून जाते, आणि अशी तोंड बंद केलेली गोगलगाय जुनेजाणते लोक सगळ्यात उत्तम मानतात कारण तिचं पोट रिकामं असतं. हिची शेती करणं फार अवघड, हळू वाढते, त्यामुळे जवळजवळ सगळा माल रानातून गोळा केलेला असतो. आणि फ्रान्समध्ये आता तेवढ्या उरलेल्या नाहीत. 1979 च्या सरकारी आदेशाने 1 एप्रिल ते 30 जून या काळात त्या गोळा करायला बंदी आहे, आणि एरवीसुद्धा शंख 3 सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर हात लावायचा नाही. त्यामुळे तुमच्या ताटातली ‘बुर्गुंडीची’ गोगलगाय बहुतेक वेळा पोलंड, रुमेनिया, हंगेरी अशा ठिकाणाहून आलेली असते. यात फसवणूक नाही, ते जातीचं नाव आहे, गावाचं नाही. चांगली पण असते ती.

दुसऱ्या म्हणजे शेतात वाढवलेल्या, ‘ग्रो-ग्री’ आणि तिची धाकटी बहीण ‘प्ती-ग्री’. फ्रान्समधले गोगलगाय पाळणारे शेतकरी मुख्यतः ग्रो-ग्री वाढवतात. वसंतात पिल्लं कुंपण घातलेल्या वाफ्यात सोडतात, लाकडी फळ्यांखाली सावलीला बसतात, धान्याच्या पिठात कॅल्शियम मिसळून खायला देतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काढणीला येतात. माझं मत विचाराल तर आज फ्रान्समध्ये सगळ्यात चांगली चव या शेतावरच्या गोगलगायीत सापडते, कारण ती शेतकऱ्याने स्वतः उपाशी ठेवून, साफ करून, शिजवलेली असते, मधे कारखाना नाही.

तिसरा प्रकार मेनूवरची ओळ वाचताना निसटतो. ‘आ ला बूर्गिन्योन’ म्हणजे बुर्गुंडी पद्धतीचं असं लिहिलं असेल तर तो फक्त बटर लसणाचा प्रकार झाला, जात कुठलीही असू शकते, बरेचदा हेलिक्स लुकोरम, जी तुर्कस्तान आणि बाल्कनकडून येते, मांस जरा काळपट. वाईट नसते पण स्वस्त असते, मग पैसेही त्याच हिशोबाने द्यावेत. आणि चौथी म्हणजे ‘अशातीन’, आफ्रिकन राक्षसी गोगलगाय, आशियातून डब्यात तुकडे करून येते. डब्यावर तिला नुसतं एस्कार्गो म्हणता येत नाही, अशातीन असंच लिहावं लागतं. चिवट लागते ती बहुतेक हीच किंवा घाईत शिजवलेली दुसरी कुठलीतरी.

आता शिजवणं. आधी काही दिवस उपाशी ठेवतात, मग उकळत्या पाण्यातून काढून शंखातून बाहेर ओढतात, मागचा काळा पिळदार भाग काढून टाकतात (काही शेतकरी तो ठेवतात, चव जास्त उग्र येते), मग गाजर, कांदा, थाईम, तमालपत्र, व्हाईट वाईन घातलेल्या पाण्यात मंद आचेवर शिजवतात. मोठीला दोन-तीन तास सहज लागतात. हे घाईत उरकलं की मांस आखडतं आणि पुढे कितीही बटर घाला, उपयोग नाही. मग शंख वेगळे स्वच्छ धुवून घेतात, तळाशी थोडं बटर, त्यावर गोगलगाय, वरून परत बटर ठासून भरतात. म्हणजे शंख आणि आतलं मांस एकाच जिवाचं असेलच असं नाही. शंख देखणा आहे म्हणून आतला माल उत्तम असं समजू नका!

बटरमध्ये बारीक चिरलेला कच्चा लसूण, सपाट पानांची पार्सली, जमलं तर थोडा शॅलट (छोटा कांदा), मीठ, मिरी. बस. लसूण त्याच दिवशी चिरलेला असेल तर वास गोड येतो, जुना असेल तर कडवट. प्लेट टेबलावर आली की नाकाला लगेच कळतं.

कसे ओळखायचे चांगले हॉटेल? मेनूवर शेताचं किंवा शेतकऱ्याचं नाव असेल तर डोळे मिटून मागवा. नसेल तर वेटरला नम्रपणे विचारा, ‘इल व्येन दू, ले-झेस्कार्गो?’ म्हणजे गोगलगायी कुठून येतात. जो आपुलकीने काम करतो तो लगेच सांगतो, एखादा तर आत जाऊन विचारून येतो. जो खांदे उडवतो तिथे कांद्याचं सूप मागवावं. चार भाषांत फोटोवाला मेनू बाहेर लावलेल्या चौकातल्या एका हॉटेलात आमच्या पाहुण्यांना बाहेर बटर उकळतंय आणि आत गोगलगाय बर्फगार, असं मिळालं होतं, म्हणजे फ्रीझरमधला ट्रे सरळ भट्टीत. सुपरमार्केटमधून घरी आणून केलं तरी त्याहून बरं होतं.

प्रश्न विचारा, मला माहीत असेल ते सांगते.

बाणेरचा_बोका

वा! धागा वाचनखुणेत साठवला. आम्ही ऑक्टोबरमध्ये येतोय. दोन बाळबोध प्रश्न, किती मागवायचे आणि शंख धरायचा तो चिमटा वापरायचा कसा? सगळ्यांसमोर शंख उडाला तर काय अशी बायकोला फार धास्ती आहे.

मोहरीचं_शेत

दोघांत मिळून सहा मागवा, पहिल्यांदा तेवढे पुरेत. मेनूवर सहा किंवा बारा असेच असतात. किंमत हॉटेलागणिक बदलते पण साध्या बिस्त्रोत म्हणजे छोट्या हॉटेलात सहाचे साधारण दहा ते पंधरा युरो धरून चाला, बुर्गुंडीच्या मोठ्या जातीचे थोडे जास्त.

चिमटा डाव्या हातात. त्याची गंमत अशी की दाबला की उघडतो आणि सोडला की घट्ट धरतो, आपल्या सांडशीच्या बरोबर उलटा. शंख उडतो तो लोक घाबरून दाबतात म्हणून. तर शंखाभोवती उघडा, आणि मग हात सैल सोडा, शंखाचं तोंड वरच्या बाजूला. उजव्या हातात दोन काट्यांचा छोटा फोर्क, मांसात टोचायचा आणि शंख फिरतो त्या दिशेने हलकेच पिळून ओढायचं, सरळ ओढलं तर तुटतं. मग शंखात उरलेलं बटर प्लेटच्या खड्ड्यात ओतायचं आणि ब्रेडने टिपून खायचं. ब्रेड फुकट असतो, परत मागितला तरी कोणी काही म्हणत नाही, आणि हे टिपून खाणं इकडे असभ्य अजिबात नाही.

आलं की लगेच तोंडात घालू नका, बटर अक्षरशः उकळत असतं. दोन मिनिटं थांबा. वहिनींना फारच धास्ती असेल तर बरीच हॉटेलं शंखाशिवाय छोट्या चिनीमातीच्या वाट्यांमध्ये देतात, तिथे फक्त फोर्क लागतो.

लॅटिनक्वार्टर

पॅरिसचं मी सांगतो, इथे बरीच वर्षं आहे.

स्वस्तात आणि गोंगाटात खायचं असेल तर बुइयों शार्तिए, फोबूर मोंमार्त्र रस्त्यावर, 1896 पासून चालू आहे. वेटर ऑर्डर टेबलावरच्या कागदावरच लिहितो आणि बिलही तिथेच मांडतो. रांग असते पण पटापट सरकते. गोगलगायी अगदी साध्या, पण कढत येतात आणि भाव परवडतो, पहिल्यांदा खाणाऱ्याने इथे सुरुवात करावी असं माझं मत. मोठा प्रसंग असेल तर बनुआ, 1912 चा बिस्त्रो, सँ-मार्तँ रस्त्यावर, तिथे शंखातल्या गोगलगायी नीट पद्धतशीर मिळतात, खिसा मात्र सैल ठेवावा लागतो. आणि ल'एस्कार्गो मोंतोर्गेय, 1832 चं, दारावर सोनेरी गोगलगाय बसवलेली आहे, आतली जुनी सजावट बघण्यासारखी. तिथे ट्रफल घातलेले, करीचा स्वाद असलेले असेही प्रकार असतात. मी म्हणेन साधेच घ्या, करी आपण घरी खातोच की.

हॉटेल कुठलंही असो, आधी ऑनलाइन आजचा मेनू बघा. फ्रान्समध्ये 2014 पासून ‘फे मेझों’ म्हणजे तिथेच बनवलेलं याचं सरकारी चिन्ह आहे, पातेल्यावर घराचं छप्पर असं चित्र. गोगलगायीच्या ओळीसमोर ते असेल तर चांगली खूण.

पुस्तकवेडी

मोहरीचं_शेतताई फार सुंदर लिहिलंयत. मला एक विचारायचंय, मला लहानपणापासून दमा आहे आणि धुळीची ॲलर्जी, कोलंबी मात्र मी बिनधास्त खाते, काही होत नाही. मग गोगलगाय खायला हरकत नसावी ना?

फुफ्फुसवाला

पुस्तकवेडी, कृपया हे नीट वाचा. घरातल्या धुळीत जे सूक्ष्म किडे असतात (माइट) त्यांची ॲलर्जी असलेल्या काही लोकांना गोगलगाय खाल्ल्यावर जोरदार रिॲक्शन येते. त्या किड्यांमधली काही प्रथिनं आणि गोगलगायीतली प्रथिनं इतकी मिळतीजुळती असतात की शरीर फरक करत नाही. फ्रान्स, इटली, स्पेन इकडे हे चांगलं नोंदवलं गेलंय, आणि त्रास होतो तो नुसत्या पुरळावर थांबत नाही, दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. कोलंबी चालते म्हणून गोगलगाय चालेल असं अजिबात धरू नका, ते गणित वेगळं आहे.

तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय खाऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. दमा आणि धुळीची ॲलर्जी दोन्ही असलेल्या माणसाने प्रवासात, अनोळखी गावात हा प्रयोग करूच नये. बाकीच्यांसाठी, युरोपात डिसेंबर 2014 पासून हॉटेलांना 14 ॲलर्जींची माहिती द्यावीच लागते आणि त्यात मृदुकाय प्राणी म्हणजे ‘मोल्युस्क’ आहेत, विचारलं तर सांगणं त्यांचं कामच आहे.

पुस्तकवेडी

बापरे, हे माहीतच नव्हतं. मनापासून आभार. मी नाही खाणार, नवऱ्याला खाऊ देते.

मोहरीचं_शेत

फुफ्फुसवाला, फार महत्त्वाचं सांगितलंत. पुस्तकवेडी, तुम्ही तेच लसूण-पार्सलीचं बटर मशरूमवर मागा, ‘शांपिन्यों पेर्सियाद’, बऱ्याच बिस्त्रोत मिळतं. फक्त गोगलगायीच्या बटरचा चमचा, ट्रे त्यात नको हे आवर्जून सांगा. शाकाहारी मंडळींनाही हेच सुचवेन.

शेतशिवार

मी लातूर भागातला. 2022 च्या खरिपात आमच्याकडे लातूर, बीड, धाराशिव पट्ट्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं उगवल्या उगवल्या रात्रीतून खाऊन टाकली, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. आम्ही बादल्याच्या बादल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकत होतो. तुम्ही लिहिलेली ती आफ्रिकन म्हणजे हीच का? आणि जर तिकडे विकत घेऊन खातात तर आपल्याकडे का नाही असं बरेच जण विचारतात.

मोहरीचं_शेत

शेतशिवारदादा, हो, ती हीच, अशातीन. वाचून फार वाईट वाटलं, दुबार पेरणीचा खर्च काय असतो ते मी माहेरी बघितलंय. पण शेतातली वेचून खाणं हे कोणी करू नये असं कळकळीने सांगते. एक तर तुम्ही लोक मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकता, म्हणजे कुठल्या गोगलगायीने विष खाल्लंय ते कळायला मार्ग नाही. दुसरं म्हणजे या जातीच्या अंगात उंदरांकडून आलेला एक जंत असू शकतो जो कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो. वेचतानासुद्धा हातमोजे घालावेत आणि भाजीपाला धुवून घ्यावा. इकडे येणारा माल हा कारखान्यात तपासून, पूर्ण शिजवून डबाबंद केलेला असतो, आणि एवढं करूनही चवीला तो शेवटच्या नंबरवरच.

शेतशिवार

धन्यवाद ताई. गावच्या ग्रुपवर तुमचा प्रतिसाद टाकतो, पेरणीआधी लोकांना माहीत असलेलं बरं.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात पावसाळ्यात शेतातले कोंगे म्हणजे गोगलगायी खातात, नारळाच्या वाटपात, त्यामुळे मला शंखातून ओढून खायचं काही नवल नाही. पण एक शंका, सगळीकडे हेच लसूण-बटर का? एवढा मोठा देश, दुसऱ्या पद्धती नाहीत?

तुलूझकर

आहेत तर! मी याचीच वाट बघत होतो. उत्तरेच्या बटरवाल्यांनी नाव कमावलं पण दक्षिणेत या, पेर्पिन्यों आणि आसपासचा कातालान भाग. तिथे ‘कार्गोलाद’ करतात, ईस्टरच्या सोमवारी किंवा पुढे पेंटेकोस्टच्या सणाला, घरची सगळी माणसं द्राक्षमळ्यात किंवा ओढ्याकाठी जमतात. छाटलेल्या द्राक्षवेलीच्या काड्या पेटवून निखारे करायचे, त्यावर गोल तारेची जाळी, जाळीवर प्ती-ग्री एकाला एक चिकटून तोंड वर करून रचायच्या, मीठ, मिरी, थाईम भुरभुरायचं. मग लोखंडी दांड्याला असलेल्या तापलेल्या शंकूत डुकराची चरबी पेटवून ती जळती थेंब थेंब प्रत्येक शंखात पाडायची, चर्र चर्र आवाज आणि वास असा सुटतो की पलीकडच्या मळ्यातले लोक बघायला येतात. टाचणीने किंवा टूथपिकने ओढून आयोली (लसणाचं दाट सॉस) लावलेल्या ब्रेडवर ठेवून खायचं. फोर्क नाही, चिमटा नाही. चरबी डुकराची असते हे मात्र ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

हे हॉटेलात क्वचित मिळतं, गावातल्या जत्रेत किंवा कोणी घरी बोलावलं तर. मिळालं तर सोडू नका. मला बटरच्या बारापेक्षा यातल्या मूठभर जास्त प्रिय आहेत.

मोहरीचं_शेत

तुलूझकर, कार्गोलादबद्दल पूर्ण सहमत, प्रियच्या बाबतीत मात्र मी बुर्गुंडीची बाजू सोडणार नाही.

मांडवीकाठ, पश्चिमेला शारांतमध्ये प्ती-ग्रीला ‘कागुय’ म्हणतात, तिथे टोमॅटो, वाईन आणि थोडा खिमा घालून रश्श्यात शिजवतात, तुम्हाला ते सगळ्यात जवळचं वाटेल, ब्रेडबरोबर जेवणच होतं. अल्सासमध्ये बटर असतंच पण शिजवायला तिकडची रीसलिंग ही व्हाईट वाईन आणि मसाले, चव हलकी. आमच्याकडे बुर्गुंडीत अलिगोते नावाची स्वस्त आंबटसर व्हाईट वाईन सोबत घेतात, बटरचा जडपणा ती कापते, शाब्ली असेल तर आणखी छान पण त्यासाठी हट्ट नको.

मांडवीकाठ

कागुय! नोंद केली. वाटप नाही पण रस्सा तर आहे.

बाणेरचा_बोका

ताई, शेवटचं. आमचा मुक्काम पॅरिसलाच आहे पण एक दिवस मोकळा आहे. दिजोंला फक्त यासाठी यावं का? आणि आलो तर हॉटेल शोधायचं की बाजार?

मोहरीचं_शेत

जरूर या, आणि बाजारच. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून थेट टीजीव्ही ही वेगवान गाडी दीड-पावणेदोन तासात दिजोंला पोचते, तिकीट जेवढं आधी काढाल तेवढं स्वस्त. ले आल म्हणजे इथली जुनी लोखंडी मंडई, मंगळवार, शुक्रवार, शनिवार सकाळी भरते, शनिवारी सगळ्यात जास्त शेतकरी येतात. ऑक्टोबर म्हणजे नुकतीच काढणी झालेली असते, त्यामुळे तुमची वेळ अगदी बरोबर आहे, नाताळच्या आधी मात्र सगळं गाव तेच घेत असतं.

गोगलगायवाल्याकडे थांबा, विचारा ‘व्हू ले-झेलव्हे व्हू-मेम?’ म्हणजे तुम्ही स्वतः पाळता का. हो म्हणाला की बोलत सुटतो, खाद्य काय देतो, किती वेळ शिजवतो, सगळं सांगतो, तुमचं फ्रेंच मोडकं असलं तरी. काचेच्या बरणीत नुसत्या शिजवलेल्या, बटर न लावलेल्या मिळतात, त्या घेतल्यात तर बटर तुम्ही तुमच्या मुक्कामी करू शकता. बरणीवर जात, देश, किती नग सगळं लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

तिथून मंडईच्या भोवतालच्या गल्ल्यांत दुपारचं जेवण. फळ्यावर खडूने लिहिलेला छोटा मेनू, एका पानात मावेल एवढा, आणि आजूबाजूला फ्रेंच बोलणारी माणसं जेवतायत असं बघा. आधी ‘गोगलगायी कुठून येतात’ हा प्रश्न विचारायचाच, मग सहा मागवा. आवडले तर आणखी सहा मागवायला कोणी अडवत नाही. फक्त बाजार दुपारी एकला उठतो, शेतकरी साडेबारापासूनच आवरायला लागतात, त्यामुळे सकाळची पहिली गाडी बघा आणि बरण्यांसाठी एक कापडी पिशवी बरोबर ठेवा.